एक नॉमिनी राहिलाच!

पीएफचा नॉमिनी? भरलाय. डीमॅटचा? भरलाय. टर्म इन्शुरन्स, एसआयपी, सेव्हिंग्ज अकाउंट... सगळीकडे भरलाय. परवा तर एका ॲपने ‘नॉमिनी ॲड करा’ म्हणून मला इतकं पिडलं, की शेवटी वैतागून आईचं नाव टाकलं आणि मोकळी झाले. थोडक्यात काय, आपण गेल्यावर आपले पैसे कुणाकडे जाणार याची सोय आपल्या जनरेशनने बऱ्यापैकी करून ठेवलीय.

पण आपण अजून गेलेलोच नाही, फक्त बोलता येत नाहीये, अशा वेळी आपल्या वतीने कोण बोलणार? त्याचा नॉमिनी कोण?

प्रश्न सिलॅबसच्या बाहेरचा वाटतोय ना? मलाही वाटायचा. आत्या जाईपर्यंत.

रात्री दोनचा प्रश्न

माझी आत्या शाळेत गणित शिकवायची. वय एकाहत्तर, स्वभाव कडक, हिशेब चोख. फुप्फुसाचा कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला होता आणि आता केमोचा उपयोग नाही, हे डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं. तिने ते शांतपणे ऐकलं आणि घरी येऊन कपाट आवरायला घेतलं. कुठली साडी कुणाला, कुठली एफडी कधी मॅच्युअर होणार, सगळं वहीत लिहिलं.

आणि एक गोष्ट ती तोंडी सांगायची. गणपतीत सांगितली, माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्यात सांगितली, दिवाळीच्या फराळाला सांगितली. ‘‘मला शेवटी त्या नळ्यांमध्ये गुंडाळून ठेवू नका रे.’’ त्यावर आमचं सगळ्यांचं ठरलेलं उत्तर. ‘‘आत्या, काहीतरीच काय! शुभ बोल.’’ की लगेच कुणीतरी चकली पुढे करायचं आणि विषय बदलायचा.

मग ती रात्र आली. आत्याला धाप लागली. तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, बंगळुरूला. मी आणि बाबा तिला घेऊन जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. दोनच्या सुमाराला एक तरुण डॉक्टर बाहेर आला. माझ्यापेक्षा लहानच असेल, डोळे तारवटलेले. म्हणाला, ‘‘ऑक्सिजन टिकत नाहीये. ट्यूब टाकून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल. नातेवाइकांचा डिसिजन काय आहे?’’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दादाला फोन लावला. दादाने त्याच्या डॉक्टर असलेल्या सासऱ्यांना कॉन्फरन्सवर घेतलं. दादा रडत होता. ‘‘मामा, जे लागेल ते करा. मी सकाळच्या फ्लाइटने येतो.’’ बाबांनी फॉर्मवर सही केली. हात इतका थरथरत होता की खाली तारीख चुकीची पडली.

त्यानंतर अकरा दिवस. गुंगीचं औषध, नळी ओढू नये म्हणून पलंगाला बांधलेले हात, मग डायलिसिस. संध्याकाळी दहा मिनिटं भेट. मेडिक्लेमची लिमिट सातव्या दिवशी संपली. बिलाचा आकडा सांगत नाही, कारण आम्हाला टोचतो तो आकडा नाही. टोचतं ते वेगळंच. तिसऱ्या दिवसानंतर आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं की हे थांबायला हवं. पण ‘थांबवा’ हा शब्द पहिल्यांदा कोण उच्चारणार? मुलगा? भाऊ? भाची? जो बोलेल तो व्हिलन. बाराव्या दिवशी पहाटे आत्याचं हृदयच थांबलं आणि आमची त्या शब्दातून सुटका झाली.

आणि आता खरी गोष्ट. ही लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

त्या रात्री दोन वाजता आत्या शुद्धीवर होती.

धाप होती, पण डोकं लख्ख. ॲम्ब्युलन्समध्ये तिने मला विचारलं होतं, ‘‘गॅस बंद केलास ना गं?’’ आमच्यात आणि तिच्यात फक्त एक हिरवा पडदा होता. डॉक्टरने आम्हाला विचारलं, आम्ही दादाला विचारलं, दादाने सासऱ्यांना विचारलं. म्हणजे चौघापाचांची अर्जंट मीटिंग झाली आणि जिचा श्वास होता, तिला त्या मीटिंगचं इन्व्हाइटच नव्हतं!

हक्क नेमका कुणाचा?

आत्या गेल्यावर मी हट्टाने याविषयी वाचायला बसले. पहिल्याच धड्यात थप्पड बसली.

सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला. संस्था कोर्टात गेली होती २००५ मध्ये, म्हणजे निकाल यायला तेरा वर्षं लागली. सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या या पीठावर न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूडही होते. कोर्टाने सांगितलं की घटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क म्हणजे सन्मानाने जगण्याचा हक्क, आणि त्यात सन्मानाने मरणंही आलं. सज्ञान आणि निर्णय घेण्याइतपत शुद्धीवर असलेली व्यक्ती कुठलाही उपचार नाकारू शकते, मग त्या नकाराने जीव जाणार असला तरीही. हा नकार तिचा स्वतःचा. त्यासाठी बोर्ड लागत नाही, कोर्ट लागत नाही आणि नातेवाइकांची परवानगी तर नाहीच नाही.

परत वाचा. नातेवाइकांची परवानगी नाहीच नाही.

म्हणजे आत्याच्या बाबतीत कायदा पूर्ण क्लिअर होता. पडदा बाजूला करून तिला फक्त विचारायचं होतं. ‘‘बाई, नळी टाकायची का? टाकली नाही तर हे होईल, टाकली तर ते होईल.’’ ती ‘नको’ म्हणाली असती किंवा ऐन वेळी ‘हो’ही म्हणाली असती. घाबरलेल्या माणसाचं मत बदलू शकतं आणि ते बदलायचाही हक्क त्याचाच. पण आपल्याकडे पद्धत अशी की पेशंटला काही सांगायचं नाही, ‘त्यांना टेन्शन नको’. आपण प्रेमापोटी करतो हे सगळं, पण त्या प्रेमात पेशंटचं मत राहूनच जातं.

इच्छामरण? छे!

हा विषय काढला की समोरचा लगेच म्हणतो, ‘‘अच्छा, इच्छामरण!’’ आणि भीष्मांना बाणांच्या शय्येसकट मध्ये आणतो. म्हणून फंडा जरा क्लिअर करून घेऊ.

इंजेक्शन देऊन किंवा औषध पाजून मृत्यू घडवून आणणं भारतात गुन्हा आहे. कालही होता, आजही आहे. पेशंटने हात जोडून विनंती केली तरीही. कोर्टाने मान्यता दिलीय ती वेगळ्या गोष्टीला. आजार बरा होण्यातला नाही आणि मशीन फक्त मरण लांबवतंय, अशा वेळी ते मशीन न लावणं किंवा लावलेलं काढून घेणं. तिथे माणूस जातो तो त्याच्या आजाराने.

दुसरं म्हणजे, व्हेंटिलेटर हा काही व्हिलन नाही. न्यूमोनिया झालेला तिशीतला मुलगा, बाइकवरून पडलेली मैत्रीण किंवा कोविडच्या लाटेतले कितीतरी पेशंट याच मशीनच्या जोरावर चालत घरी आलेत. जिथे पलीकडचा किनारा आहे तिथे व्हेंटिलेटर हा पूल असतो, त्यावरून जायलाच हवं. प्रश्न आहे तो पलीकडे किनाराच नसेल तेव्हाचा. आणि तो आहे की नाही, हे डॉक्टरांनी सांगायचं असतं, आपण गूगल करून ठरवायचं नसतं.

तिसरं, मशीन नाकारलं म्हणजे पेशंटला वाऱ्यावर सोडलं असं नाही. दुखणं, धाप आणि भीती कमी करणारे उपचार चालूच राहतात, उलट खरे तेव्हाच सुरू होतात. यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मुंबईत वांद्र्याला ‘शांती आवेदना सदन’ १९८६ पासून हेच काम करतंय. देशातलं हे पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे. दोन्ही नावं मला माहीत झाली ती आत्याच्या तेराव्यानंतर.

अरुणा आणि विनोबा

या कायद्याची सुरुवात परळला झाली, असं म्हटलं तरी चालेल. २७ नोव्हेंबर १९७३. केईएममधली नर्स अरुणा शानबाग हिच्यावर हॉस्पिटलच्याच एका सफाई कामगाराने अत्याचार केला, कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. मेंदूला रक्त पोचलं नाही आणि अरुणा त्यातून कधीच बाहेर आली नाही. पुढची चाळीसहून जास्त वर्षं केईएमच्या नर्सेसनी, एका पिढीने दुसऱ्या पिढीकडे सोपवत, तिला सांभाळलं.

पत्रकार पिंकी विराणी यांनी सुप्रीम कोर्टात विनंती केली की अरुणाला सुटू द्या. नर्सेस म्हणाल्या, ती आमची आहे, आम्ही तिला बघू. ७ मार्च २०११ रोजी कोर्टाने विराणींची विनंती नाकारली आणि अरुणाच्या वतीने बोलण्याचा मान केईएमच्या स्टाफला दिला. पण त्याच निकालात असंही म्हटलं, की काही परिस्थितींत हायकोर्टाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवता येतील. भारतात हे दार पहिल्यांदा किलकिलं झालं ते तेव्हा. अरुणा १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली.

मला या केसमध्ये कोण बरोबर, कोण चूक हे अजूनही ठरवता येत नाही. दोन्ही बाजूंच्या बायकांना तिची माया होती. पण एक गोष्ट कुणापाशीच नव्हती, ती म्हणजे अरुणाचं स्वतःचं मत. सव्वीसाव्या वर्षाच्या आसपास तिच्यावर ही वेळ आली. त्या वयात असलं काही कुणी लिहून ठेवतं का? तुम्ही ठेवलंय?

याच्या अगदी उलट गोष्ट पवनारची. नोव्हेंबर १९८२ मध्ये आचार्य विनोबा भावे आजारी पडले आणि त्यांनी अन्न, पाणी, औषध घेणं थांबवलं. पंतप्रधान इंदिरा गांधी भेटून गेल्या, तरी ते आपल्या निर्णयावरून हलले नाहीत. १५ नोव्हेंबरला गेले. अन्नपाणी सोडणं आणि व्हेंटिलेटर नाकारणं या एकच गोष्टी नाहीत, माझा मुद्दा तो नाही. मुद्दा एवढाच, की विनोबा शुद्धीवर होते, त्यांनी स्वतः सांगितलं आणि भोवतालच्या माणसांनी ते ऐकलं.

आपल्यातले फार थोडे विनोबांसारखे ठामपणे बोलून जातील. बहुतेकांची शुद्ध तोपर्यंत गेलेली असेल. त्यांच्यासाठीच आहे तो कागद.

दोन पानी कागद

कागदाचं नाव लिव्हिंग विल. ‘विल’ म्हटलं की आपल्याला फ्लॅट आणि दागिने आठवतात, पण यात प्रॉपर्टीचा संबंधच नाही. ‘मी बरा होण्याची आशा संपलेली असेल आणि मला स्वतःला सांगता येत नसेल, तर हे हे उपचार करू नका, आणि माझ्या वतीने अमुक माणसाशी बोला’, एवढंच त्यात लिहायचं.

२०१८ च्या निकालाने हा कागद कायदेशीर केला खरा, पण प्रोसिजर अशी दिली की माणूस आधी जाईल आणि परवानगी नंतर येईल! सही मॅजिस्ट्रेटसमोर करायची, कलेक्टरने दुसरं मेडिकल बोर्ड नेमायचं, बोर्डावर वीस वर्षं अनुभवाचे डॉक्टर हवेत आणि शेवटी मॅजिस्ट्रेटने स्वतः हॉस्पिटलात येऊन पाहायचं. आयसीयूत काम करणाऱ्या डॉक्टरांचीच संघटना कोर्टात गेली की हे प्रत्यक्षात जमण्यासारखं नाही. मग २४ जानेवारी २०२३ रोजी कोर्टाने नियम सोपे केले.

आता सही नोटरीसमोर किंवा गॅझेटेड ऑफिसरसमोर चालते. वेळ आली की हॉस्पिटल दोन बोर्डं बसवतं. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेले एक डॉक्टर आणि वेगळे किमान दोन तज्ज्ञ. तज्ज्ञांचा अनुभव किमान पाच वर्षं. प्रत्येक बोर्डाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. दोन्ही ‘हो’ म्हणाले आणि कागदात नेमलेल्या माणसाने संमती दिली, की हॉस्पिटलने मॅजिस्ट्रेटला कळवायचं, आणि मग उपचार थांबवता येतात. वाद झाला तर हायकोर्टाचं दार उघडं आहेच.

आणि कागदच नसेल तर? तरीही जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हीच दोन बोर्डांची वाट आहे. म्हणजे तिसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांना नुसतं विचारू शकलो असतो, ‘बोर्ड बसवता का?’ हे वाक्य आम्हाला माहीतच नव्हतं. आपल्याकडे कितीतरी घरांना एकच रस्ता ठाऊक असतो. ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतो’ म्हणून सही द्यायची, ॲम्ब्युलन्स बोलवायची, आणि मग घरी किंवा वाटेतच जे व्हायचं ते होतं. त्यात ना धाप कमी करणारं औषध, ना शेजारी डॉक्टर. पैसे संपले म्हणून असं घेऊन जाणं आणि पेशंटची इच्छा म्हणून नीट थांबवणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता गंमत बघा. नियमाप्रमाणे या कागदाची एक कॉपी महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीतल्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे कस्टोडियनकडे जायला हवी. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं लिव्हिंग विल केलं, तेव्हा लक्षात आलं की कस्टोडियन नेमलेलेच नाहीत! ते मुंबई हायकोर्टात गेले आणि त्यानंतर राज्यात ठिकठिकाणी कस्टोडियन नेमले गेले. शेजारच्या गोव्यात मे २०२४ मध्ये, तेव्हा गोवा खंडपीठावर असलेल्या न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवून सुरुवात करून दिली. निकाल देणाऱ्यांच्या जमातीतला माणूस स्वतः रांगेत उभा राहिला, हे मला जाम आवडलं.

करायचं काय?

१. वय अठरा पूर्ण आणि डोकं ठिकाणावर हवं, बास. आजारी असण्याची गरज नाही. उलट धडधाकट असतानाच करा.

२. साध्या भाषेत, स्पष्ट लिहा. ‘मला त्रास देऊ नका’ याचा डॉक्टरला काही उपयोग नाही. व्हेंटिलेटर, डायलिसिस, हृदय थांबल्यावर छातीवर दाब देऊन पुन्हा सुरू करणं, नळीने अन्न... यातलं काय नको आणि कुठल्या परिस्थितीत नको, ते लिहा. फॅमिली डॉक्टरबरोबर अर्धा तास बसलात तर उत्तम.

३. तुमच्या वतीने बोलणारी माणसं नेमा. एकापेक्षा जास्त नेमता येतात. नेमण्याआधी त्यांना विचारा, प्लीज!

४. दोन साक्षीदार, शक्यतो घरच्यांपैकी नसलेले. मग नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर.

५. कॉपी द्या. नेमलेल्या माणसांना, फॅमिली डॉक्टरला, कस्टोडियनला. कपाटात कुलपात ठेवलेला कागद रात्री दोन वाजता कुणालाच सापडत नाही.

६. मत बदललं? कधीही लेखी रद्द करा, नवा करा. आणि शुद्धीवर असाल तोवर तुमचं तोंडी म्हणणंच फायनल, कागद नंतर.

‘जमेल ना?’

आत्याच्या वर्षश्राद्धाला दादा आला होता. जेवणं झाल्यावर मी हे सगळं त्याच्यासमोर मांडलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे मी चुकलो. आईला मी अकरा दिवस...’’ पुढे त्याला बोलवेना.

बाबा त्याला म्हणाले, ‘‘अरे, सही माझी आहे. तुझी नाही.’’

मला वाटतं, दोघंही चुकले नाहीत. तो डॉक्टरही नाही. रात्री दोन वाजता, दोन मिनिटांत, आईच्या जिवाबद्दल विचारलं तर कुठलाही मुलगा ‘करा’च म्हणणार. चूक त्या रात्रीची नव्हती. चूक झाली ती गणपतीत, साखरपुड्यात, फराळाला, जेव्हा ती सांगत होती आणि आम्ही चकली पुढे करत होतो.

पुढच्याच आठवड्यात बाबांनी फुलस्केप कागद घेतला आणि लिहायला बसले. आईने आधी चिडचिड केली, ‘‘घरात असलं काही लिहू नका.’’ दोन दिवसांनी तीच चहा घेऊन शेजारी बसली आणि म्हणाली, ‘‘माझाही लिहा. नळीने जेवण मला नको. जेवण म्हणजे चव लागली पाहिजे.’’ असं बोलता बोलता त्या संध्याकाळी आम्ही आयुष्यात पहिल्यांदा या विषयावर हसलो.

नोटरी रोज भाडेकरार करणारा. म्हणाला, ‘‘काका, विल ना? प्रॉपर्टी कुठली?’’ बाबा म्हणाले, ‘‘प्रॉपर्टी नाही हो. मीच.’’ त्याने चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, आणि शिक्का मारल्यावर हळूच विचारलं, ‘‘याचा नमुना मला मिळेल का? घरी वडील आहेत.’’ पालिकेत आवक-जावकच्या टेबलावर आधी ‘असलं काही आमच्याकडे येत नाही’ झालं, मग दोन मजले वरखाली झाले, आणि शेवटी कॉपी स्वीकारून पोच मिळाली. त्या पोचवरचा निळा शिक्का बाबांनी असा न्याहाळला, जसा काही फ्लॅटचा ताबा मिळाला!

नेमलेल्या माणसाच्या जागी त्यांनी माझं नाव लिहिलं होतं. खाली दुसरं नाव दादाचं. परत येताना रिक्षात मला विचारलं, ‘‘जमेल ना तुला?’’

मी पटकन ‘हो’ म्हटलं. मग घर येईपर्यंत माझ्या पोटात खड्डा पडला होता. बाबांच्या पलंगाशी उभं राहून ‘थांबवा’ म्हणायचं? मी? ज्या मुलीला अजून इन्कम टॅक्स रिटर्न भरायलाही बाबा लागतात, ती? रात्री जेवताना सांगून टाकलं, ‘‘बाबा, मला नाही वाटत मला ठरवता येईल.’’

बाबांनी आमटीची वाटी खाली ठेवली.

‘‘अगं, तुला कुठे काय ठरवायचंय? ठरवलंय मी. तू फक्त तो कागद दाखवायचास.’’

एवढं बोलून त्यांनी भात वाढून घेतला.

त्या अकरा दिवसांत आमच्याकडे नेमकं हेच वाक्य नव्हतं. असतं, तर ‘थांबवा’ हा शब्द ना दादाचा झाला असता, ना बाबांचा, ना माझा. तो आत्याचा झाला असता, आणि ती तो खणखणीत आवाजात म्हणाली असती. गणिताच्या बाई होत्या त्या!

तर मंडळी, या वीकेंडला घरी जाल तेव्हा एक करा. कुणी ‘शेवटी मला...’ असं काही बोलायला लागलं, तर ‘शुभ बोल’ म्हणू नका. टीव्हीचा आवाज कमी करा आणि विचारा, ‘‘शेवटी काय? नीट सांग, मी लिहून घेते.’’

आणि हो, आपला स्वतःचा तो एक नॉमिनी राहिलाय, तोही भरून टाका. मी भरलाय. आईचं नाव टाकलंय, पण या वेळी वैतागून नाही. आधी विचारून.